खोकल्याखालचा सूर

टिपणीस, तुम्ही गेल्याची बातमी लिमयांनी आपल्या गटावर टाकली, तेव्हा तिच्याखाली पहिलं उत्तर आलं ते परचुऱ्यांचं. त्यांनी लिहिलं होतं, 'यमन. शंकाच नाही.' परचुरे सकाळी मोबाईल उघडतात तो चष्मा न लावता. लिमयांनी काहीतरी पाठवलंय म्हणजे राग ओळखायचं आजचं कोडंच असणार, असं धरून त्यांनी उत्तर ठोकून दिलं. आणखी दोघांनी लगेच 'मलाही यमनच वाटतोय' म्हणून दुजोराही दिला. मग कोणीतरी 'अहो, वरचं वाचा' असं लिहिलं आणि तिघांचेही निरोप भराभर पुसले गेले. त्यानंतर जोडलेल्या हातांची जी रांग लागली, ती दुपारपर्यंत हटेना. तुम्ही असता तर म्हणाला असता, 'माझ्या मरणातसुद्धा परचुऱ्यांना यमनाचा तीव्र मध्यम ऐकू आला.'

मी हात जोडले नाहीत. काय लिहायचं ते सुचलं नाही हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे त्या गर्दीत आपलेही दोन हात घालावेत असं वाटलं नाही. ज्या माणसाच्या नावानं ही मंडळी इतकी वर्षं खासगीत बोटं मोडत होती, तो एका सकाळीत 'संगीतक्षेत्राचा चालताबोलता कोश' झाला. कोश कसला? तुम्ही एक खडूस, हेकट, निवृत्त बँक अधिकारी होता आणि तुमचा कान चांगला होता. एवढं खरं पुरेसं नव्हतं का? पण खरं बोलायचं असेल तर आधी माणूस ओळखावा लागतो, आणि आपल्या गटाला तीस सेकंदांच्या वर काही ओळखता येत नाही.

'ओळखा तर खरं' हे आपल्या गटाचं नाव लिमयांनी ठेवलेलं. रोज सकाळी कोणीतरी शास्त्रीय गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा टाकायचा, त्यातले बोल कापून. बाकीच्यांनी रात्रीपर्यंत राग सांगायचा, जमलं तर गाणारा सांगायचा. गाणं ओळखणारी यंत्रं वापरायची नाहीत. दर महिन्याला एक न्यायाधीश, आणि त्याचा निकाल शेवटचा. निवृत्त माणसांना भांडायला एक जागा लागते. काहींना सोसायटीची सभा पुरते, आपल्याला ती पुरत नव्हती, एवढाच फरक.

तुमची माझी पहिली गाठ लिमयांच्या गच्चीवरच्या संमेलनात पडली. त्याआधी गटावर मी बरोबर उत्तर दिलं की तुम्ही 'हं' लिहायचा. बाकीच्यांना 'उत्तम', 'क्या बात है', आणि मला 'हं'. गच्चीवर तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात आणि विचारलंत, "आपण कुठून?"

"हडपसर."

"अरे वा. तिकडे पोचलं म्हणायचं गाणं."

"पोचलं की. तुमच्या पेठेत पार्किंग मिळेना, म्हणून निघालं ते आमच्याकडे येऊन थांबलं."

तुम्ही हसला नाहीत. पण बटाटेवड्याची बशी सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे सरकवलीत. त्या दिवसापासून तुम्ही मला 'अहो शेवाळेबाई' म्हणायला लागलात, मी तुम्हाला नुसतं टिपणीस. गटातल्या सगळ्या बायका तुम्हाला 'सर' म्हणायच्या. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, मला सर या जातीचं फार कौतुक उरलेलं नाही.

आता तुमच्याबद्दल चांगलं बोलायची रीत आहे, तर ते होऊन जाऊ द्या. तुम्ही कोणाच्या वाढदिवसाला शुभेच्छा दिल्या नाहीत, हे चांगलं. सूर्योदयाची चित्रं टाकणाऱ्याला 'हा कुठला राग?' असं विचारून गप्प केलंत, तेही चांगलं. एकदा लिमयांनी स्वतःच्याच आवाजातला भैरवीचा तुकडा कोडं म्हणून टाकला, गाणाऱ्याचं नाव लपवून. सगळे मोठमोठी नावं घ्यायला लागले. तुम्ही लिहिलंत, 'गाणारा माहीत नाही, पण त्याला सांभाळा, त्याचा षड्ज हरवलाय.' लिमये आठवडाभर कोणाशी बोलले नव्हते. तेच लिमये काल म्हणत होते की तुमच्या शब्दात अमृत होतं.

हे सगळं मी किती वेळ सांगत बसू शकते, ते तुम्हाला ठाऊक आहे. मूळ विषय तो नाही. मूळ विषय तो खोकला आहे.

गेल्या दिवाळीत परचुऱ्यांनी जुन्या बाजारातून एक जुनी टेप आणली. खोकं फाटकं, वर नाव नाही, गाव नाही. कोणाच्या तरी घरच्या बैठकीचं गाणं, गाणारा कोण तेही कळेना. परचुऱ्यांनी त्यातला तुकडा कापून गटावर टाकला. स्वतःला उत्तर माहीत नसलेलं कोडं टाकायचं नाही, हा साधा नियम. पण परचुऱ्यांना नियम सांगायचे म्हणजे आधी चष्मा लावायला लावायचा. त्या महिन्याचे न्यायाधीश तुम्ही.

मी लिहिलं, मारवा. तुम्ही निकाल दिलात, पूरिया.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांना मी नेहमी असं सांगते की एकाच स्वयंपाकघरातल्या दोन जावा. डबे तेच, मसाला तोच, पण हाताखालून येणारी भाजी वेगळी. मारवा आणि पूरिया यांचे सूर अगदी तेच आहेत. गाणारा कोमल रिषभावर रेंगाळला तर तो मारवा, गांधारावर जाऊन विसावला तर पूरिया. तो कुठं थांबतो एवढंच ऐकायचं. आणि त्या तुकड्यात गाणारा जिथं थांबतो, नेमक्या तिथं, समोर बसलेल्या कोणा रसिकानं खोकून ठेवलंय. चांगला घसा साफ करून, ऐसपैस. तो खोकला संपतो तेव्हा सूरही संपलेला असतो.

म्हणजे खोकल्याखाली रिषभ आहे की गांधार, हा प्रश्न. यावर तुम्ही आणि मी दिवाळीपासून भांडत होतो. संक्रांत झाली, होळी झाली, लोकांच्या नातवंडांच्या मुंजी झाल्या, आपलं चालूच. सुरुवातीला गटाला मजा वाटली, मग कंटाळा आला, मग लिमयांनी 'आता हा विषय थांबवावा' अशी सूचना काढली. तेव्हा तुम्ही मला फोन करायला लागलात. 'अहो शेवाळेबाई, पुन्हा ऐकलं. गांधारच.' एवढं बोलून ठेवून द्यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

खराडीच्या ओंकारनं तर कमालच केली. चांगला चाळिशीचा माणूस, मोठ्या कंपनीत साहेब आहे. त्यानं तो तुकडा कसल्याशा सॉफ्टवेअरमधून काढला, म्हणजे खोकला निघून जाईल आणि सूर उरेल. झालं भलतंच. गाणारा निघून गेला आणि खोकला तेवढा स्वच्छ उरला. 'ताई, अल्गोरिदमला व्होकल म्हणजे खोकला वाटला,' असा त्याचा खुलासा. तुम्ही लिहिलंत, 'यंत्राचाही कान परचुऱ्यांवर गेलाय.' तेवढ्यापुरतं आपलं दोघांचं एकमत झालं होतं.

पण एका फोनमध्ये तुम्ही जे बोललात ते मला लागलं, टिपणीस. तुम्ही म्हणालात, "बाई, तुमचा कान पेटीवर तयार झालाय. पेटीत दोन पट्ट्यांच्या मधली जागा नसते. तुम्हाला जिथं तिथं पट्टीतला रिषभच ऐकू येणार."

माझे वडील गावच्या भजनात पेटी वाजवायचे. आमच्या हडपसरात तेव्हा ऊस होता, आता जिथं काचेच्या इमारती आहेत तिथं. संध्याकाळी भजनाच्या आधी ते पेटी काढायचे, माझं बोट पट्टीवर ठेवायचे आणि म्हणायचे, 'हा सूर हाय, याला सोडू नगं.' मला दुसरा गुरू मिळाला नाही. तुमच्या पेठेत जशा गल्लीगल्लीत शिकवण्या होत्या, तशा आमच्याकडे नव्हत्या. जे काही ऐकलं ते रेडिओवर, आणि ओळखलं ते त्या पेटीच्या आधारानं. तुम्ही एका वाक्यात ते सगळं पट्टीत बसवून टाकलंत. मी फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस तुमचा फोन उचलला नाही.

मला तुमच्याकडून काय हवं होतं, ते आता सांगायला हरकत नाही. मारवा की पूरिया, हे एक वेळ राहू द्या. तुम्ही एकदा म्हणायला हवं होतं की शेवाळेबाईंचा कान खरा आहे. निकाल तुमच्या बाजूनं ठेवूनही ते म्हणता आलं असतं. जन्मभर मला 'हं' वर ठेवलंत. ज्यांना काही कळत नाही त्यांनी केलेली स्तुती मला ढिगानं मिळते. तुमच्याकडचं एक 'बरोबर' मिळालं नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

तुम्ही दवाखान्यात आहात हे मला गटावरून कळलं. हृदयाचं दुखणं, गंभीर आहे, असं. माझ्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "आक्का, ज्यानं तुला येवढं बोल लावलं त्याला बघाया चाललीस व्हय? त्यो काय आपला पावना हाय का?" मी म्हटलं, पाहुणा नाही, म्हणूनच जायला हवं. पाहुण्यांना बघायला पाहुणे जातात. हडपसरहून स्वारगेटपर्यंत बस, पुढं रिक्षा. रिक्षावाल्यानं विचारलं, "पेशंट कोण तुमचे?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही उशांना टेकून बसला होता. वाळला होता फार. मला बघितल्यावर पहिलं वाक्य काय बोललात, आठवतंय? "आणलाय का?"

आणला होताच. मी पर्समधून इयरफोन काढले, एक तुमच्या कानात, एक माझ्या. दोन म्हातारी माणसं एका वायरला बांधल्यासारखी वाकून बसली. आपण तो तुकडा ऐकला, परत ऐकला. खोकला आला की तुम्ही डोळे मिटायचा. शेवटी नर्स आली आणि म्हणाली, "मावशी, पेशंटला त्रास होतोय, आता बास." तुम्ही तिला म्हणालात, "त्यांना राहू द्या हो. सकाळपासून सगळे मला कसं वाटतंय ते विचारतायत. कुठला राग आहे ते विचारणाऱ्या या एकट्याच आल्यात."

ते ऐकून मला एकदम भरून आलं. मी खिडकीकडे बघायला लागले. तुम्हाला ते दिसलं असणार, कारण तुम्ही लगेच म्हणालात, "रडून रिषभ सिद्ध होत नाही, बाई."

"पूरिया म्हणूनही होत नाही," मी म्हटलं.

"घरी गेलो की परचुऱ्यांकडून ती मूळ टेप मागवू. दोघं मिळून ऐकू. मग बघतो तुमच्याकडे."

मग तुम्ही घरी गेलाच नाहीत. परचुरे ती टेप घेऊन माझ्याकडे आले होते परवा, सहानुभूतीचा चेहरा करून. मी त्यांना चहा दिला आणि टेप परत दिली. एकटीनं ऐकून काय करू? मला मारवाच ऐकू येणार.

काल गटाची श्रद्धांजली सभा झाली, व्हिडिओ कॉलवर. तुमची मुलगी बसली होती, सगळे पांढरे कपडे घालून बसले होते, आणि निम्म्या लोकांचा माईक चालू. कोणाच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. एकेक जण तुमच्याबद्दल बोलला. एकानं तर तुम्ही किती मृदू होता ते सांगितलं. मला वाटलं तो चुकून दुसऱ्याच सभेत शिरलाय. मग लिमयांनी घसा खाकरला आणि तो तुकडा लावला. म्हणाले, सरांच्या स्मरणार्थ आपण सर्वांनी हा पूरिया म्हणून एकमतानं मान्य करावा, यापुढे याला 'टिपणीसांचा पूरिया' म्हणावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मारवा म्हणणारे जे दोनतीन होते त्यांनीही डोलावल्या. आणि मग सगळे चौकोन माझ्या चौकोनाकडे बघायला लागले.

"ताई," लिमये म्हणाले, "आता तुम्ही एवढं मोठं मन करा."

तुमची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, म्हणा ना हो. आता काय फरक पडतो?"

पोरगी चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण मी तिला म्हटलं, "फरक पडत नसेल, तर तुझ्या वडिलांनी दिवाळीपासून मरेपर्यंत माझ्याशी भांडण कशासाठी केलं गं? वेळ जात नव्हता म्हणून?" मग मी सगळ्यांना सांगितलं की मेलेल्या माणसाला खोटा राग वाहायची माझ्याकडे रीत नाही. तो मारवा आहे. टिपणीस चुकले होते. ते जिवंत असताना चुकले होते आणि गेल्यामुळे ते बरोबर होत नाहीत.

पुढचं मला बोलता आलं नाही, कारण लिमयांनी माझा आवाज बंद केला. हे त्यांना छान जमतं. तुमच्या मुलीनं डोळ्यांना पदर लावला. ती रडत होती की हसत होती, एवढ्याशा चौकोनात मला दिसलं नाही. सभा झाल्यावर एकानं खासगीत मला लिहिलं, 'ही वेळ नव्हती, ताई.' त्याला मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला माझ्याकडून जे मिळणं शक्य होतं त्यातलं सर्वांत चांगलं तेच होतं, हे त्याला कसं समजावणार? बाकी सगळ्यांनी तुम्हाला सूट दिली. अशी सूट तुम्ही हयातीत देणाऱ्याच्या तोंडावर फेकून मारली असतीत.

आज नवा महिना लागला. पाळीप्रमाणे न्यायाधीश मी. कालच्या प्रकारानंतर मला वगळतील असं वाटलं होतं. उलट सकाळपासून सगळे मला जपायला लागले आहेत. 'ताई दुःखात आहेत,' असं लिमयांनी कोणाला तरी सांगितलं असावं. लिमयांनीच आजचं कोडं टाकलं. देशकार. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल इतका सरळ. भूप आणि देशकार यांचेही सूर तेच असतात, पण मुक्काम धैवतावर असला की देशकार, आणि हा गाणारा तिथंच ठाण मांडून बसला होता आणि तिथून हलायला तयार नव्हता. एकापाठोपाठ एक उत्तरं आली, देशकार, देशकार. ओंकारनं तर कारणासकट लिहिलं, आणि अगदी बरोबर लिहिलं.

मी निकाल दिला, भूप.

का दिला, ते विचारू नका. बघायचं होतं. मी फोन समोर ठेवून बसले. वाटलं, आता कोणीतरी तुटून पडेल, 'ताई, काहीतरी काय?' म्हणेल, निदान एखादं प्रश्नचिन्ह तरी टाकेल. पहिला निरोप आला, 'वा ताई! आपला अभ्यास दांडगा.' दुसरा, 'मला आधी भूपच वाटला होता.' परचुऱ्यांनी दोन फुलं टाकली. मग ओंकारनं आपलं बरोबर उत्तर पुसून टाकलं आणि लिहिलं, 'सॉरी ताई. पुन्हा ऐकलं. भूपच आहे.'

मी अजून फोन समोर ठेवून बसले आहे, टिपणीस. तो भूप नाही हो. तो देशकार आहे, साफ देशकार. ओरडा की माझ्यावर.